कानातली पुणेवाली

चिखला
१४ जून २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
मोठेबाबांचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझे बाबा भंडाऱ्याहून येऊन तू घेतलेला फोन पोचवून गेले. धाकट्या भावाने मोठ्या भावाला बटणं दाबायला शिकवलं, हाही दिवस पाहिला. हे पत्र मी लिहीत नाही, बोलतो आहे, आणि फोन लिहून घेतो. काचबिंदूने उजवा डोळा नेला, डावा उजेड-अंधार तेवढा ओळखतो, हे तुला कळलंच असेल. रडगाणं गाणारा माणूस मी नाही. माझा जन्म खदानीत वाइंडिंग इंजिनवर, माणसांचा पिंजरा वर-खाली ओढणाऱ्या यंत्रावर, गेला. खाली पिंजऱ्यात किती माणसं चढली ते इंजिनवाल्याला कधी दिसतच नाही. घंटा ऐकायची, पिंजरा वर घ्यायचा. न पाहता काम करायची सवय जुनीच आहे.

पण एक काम अडलं आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागेल. तीन महिने रोज सायंकाळी विहारात ग्रंथवाचन, आणि वाचणारा मी. तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून मीच. यंदा हिरालालने, म्हणजे आपल्या विहार समितीच्या सचिवाने, भीत भीत विचारलं की काका, कसं करायचं. मी म्हटलं मीच वाचणार. प्रतिक्षा, त्या खुर्चीवर बसून मी सगळ्या गावाचा असतो. ती गेली तर मी फक्त आंधळा म्हातारा.

म्हणून युक्ती काढली. ग्रंथ तू फोनमध्ये घालून दिलाच आहेस. कानात तुझी ती फोनमधली पुण्याची बाई वाचेल, तोंडाने मी बोलेन. घरी सराव चालू केला आहे. बाईचा आवाज गोड आहे, पण बाईला श्वास लागत नाही. जिथं थांबायचं तिथं पळते आणि नको तिथं थांबते. फोनसोबत तू पाठवलेल्या पत्रातल्या 'ती.' वर ती अशी थांबली की मला वाटलं बॅटरी गेली. 'वि. वि.' ला तर दोनदा मेली. तरी मायना सोडू नकोस, बाईलाच शिकव.

तुझी मोठाई म्हणते, घरात पुणेवाली आणून ठेवली, दिवसभर तुमच्या कानाला लागलेली असते, माझ्यासाठी कान रिकामा कुठे आहे.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा,
मोठेबाबा (तेजराम)

पुणे
२३ जून २०२५

ती. मोठेबाबा यांस,
प्रतिक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. 'बाईला श्वास लागत नाही' हे आमच्या भिंतीवर लावलंय. हसू नका, खरंच लावलंय. आमचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात आलं.

माझं काम काय, असं तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि मी दर दिवाळीला घोळ घालते. आता नीट सांगते. पुण्यातल्या एका बाईंनी बंद खोलीत बसून कित्येक महिने वाचन केलं, त्यावरून यंत्र त्यांच्यासारखं बोलायला शिकलं. अक्षर आलं की उच्चार येतो. पण वाक्य कुठे चाललंय हे त्याला कळत नाही, म्हणून बातमी, बँकेचा निरोप, दुःखाची गोष्ट, सगळं एकाच पट्टीत. मी दिवसभर एकच वाक्य दोन तऱ्हांनी ऐकते आणि कुठली तऱ्हा माणसाची वाटते ते सांगते. संध्याकाळी आईचा फोन आला तरी वाटतं, हिचा स्वर शेवटी जरा कमी पडला.

आमच्यात रिता आहे, नागपूरची. तिला जन्मापासून दिसत नाही. ती आवाज इतक्या वेगाने ऐकते की मला नुसती भुणभुण ऐकू येते. तिचं म्हणणं, तिला श्वास-बीस नको, झटपट काम हवं. तुमचं पत्र ऐकल्यावर मात्र ती म्हणाली की ऐकणं वेगळं आणि ऐकून दुसऱ्याला ऐकवणं वेगळं, याचा आपण विचारच केला नव्हता.

आता एक मागणं आहे. बाबांनी मागच्या तीन वर्षावासांतलं तुमचं वाचन फोनवर घेऊन ठेवलंय. ते आम्ही वापरू का? आवाज बाईंचाच राहील, पण कुठे थांबायचं, कुठे सावकाश जायचं, ते ती तुमच्याकडून शिकेल. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला.

नवा आवाज तयार व्हायला ऑगस्ट संपेल. तोवर घरीच सराव करा, विहारात घाई करू नका. मोठाईला सांगा, पुणेवाली तिची सवत नाही, शिकाऊ पोरगी आहे.

लोभात काटकसर नको.
तुमची,
प्रतिक्षा

चिखला
१९ जुलै २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

माझं जुनं वाचन खुशाल वापर. आवाज कुणाचाही राहो, दम माझा असला म्हणजे झालं.

इकडे धानाचे रोवणे चालू आहेत. बपेऱ्याला तुझ्या मोठाईच्या माहेरी मजूर मिळेनात, म्हणून ती चार दिवस जाऊन आली. पाऊस बरा आहे. वर्षावासाचं वाचन सुरू झालं आणि सुरुवात चांगली झाली. सध्या हिरालाल वाचतो. माझा घसा बसला आहे, आणि तरण्या माणसालाही संधी मिळायला हवी. तो जरा घाईत वाचतो, पण वाचतो.

तुझ्या बाईची तक्रार नाही. घाई करू नकोस, मला काही घाई नाही. बाकी विशेष लिहिण्यासारखं नाही.

माया असू दे.
तुझा,
मोठेबाबा

चिखला
२४ जुलै २०२५

लाडकी प्रतिक्षा,
तुह्या मोठाईचा तुले जयभीम अना खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र मी बोलून राहिली अना फोन लिहून राहिला. तुह्या मोठेबाबाईले सांगू नोको. ते दुपारी जेवून कलंडले का मी चार्जिंगचं निमित्त करून फोन स्वयंपाकघरात आणते.

घसा बसला असं लिवलं ना त्याईनं? घसागिसा काही बसला नाही. खरं काय झालं ते ऐक. वाचन सुरू होऊन सात-आठ दिस झाले असन. राजपुत्र घरदार सोडून निघतो, तो भाग चालू होता. बाया पदर डोऱ्याले लावून बसल्या होत्या. पुणेवाली कानात सांगे, हे माईकवर बोलत. तेवढ्यात फोनवर गॅसवाल्याचा निरोप आला. पुणेवालीनं तोही त्याच सुरात वाचला, अना यायनं तसाच लोकाईले ऐकवला. राजपुत्र निघाले, सारथी रडून राहिला, अना आपले गॅस सिलिंडर आज घरपोच येईल, कृपया घरी उपस्थित राहावे.

पैले पोट्टे हासले, मंग बाया हासल्या. मीबी हासली, खोटं कायले बोलू. पण हे नाही हासले. उठले अना काठी शोधत राहिले.

हिरालालभाऊ माणूस चांगला. त्यानं घरी येऊन सांगतलं का काका, तुमी आराम करा, आता फोनच माईकपुढं ठेवून देऊ, बाई वाचतेच ना. यायनं फोन देला नाही, मंग तो सोताच वाचून राहिला. त्याच्या मनात काही वाईट नोहोतं. पण तेवापासून यायचं जेवन अर्ध्यावर आलं. विहारात जातात, सगळ्याईच्या मांगं बसतात, वाचन सरलं का घरी येतात. फोन कपाटात टाकून देला होता, मी काढून आणला. काही कर बाई. ते खुर्चीवर नाही बसले त हा माणूस खचून जाईन.

आता माहं एक. हासू नोको. फोन हातात आला त मीबी कानात घालून पाहिलं. बाई बोलते, मी मांगून बोलते. तांदूळ निवडता निवडता एक पान होते. मी शाळेत गेली नाही हे तुले मालूम आहे. माह्या नावाचं पत्र आजवर पैले दुसऱ्यानं वाचलं, मंग मले ऐकू आलं. माहेरी कोनी मेलं तरी पैले शेजारीन रडे, मंग मी. तवा मले एक पत्र धाड. माह्या एकलीसाठी. पुणेवाली वाचन मले.

जीव लावते तशीच लावत राय.
तुही मोठाई,
मंगला

पुणे
२ ऑगस्ट २०२५

प्रिय मोठाईस,
प्रतिक्षाचा पायावर डोकं ठेवून जयभीम.

हे पत्र फक्त तुझं. फोनच्या आणि तुझ्यामध्ये कुणी नाही, मोठेबाबासुद्धा नाहीत. बाहेर कुणी असेल तर कानातली वायर घट्ट बसव आणि मग ऐक.

गॅसची गोष्ट वाचून मी आधी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. चूक मोठेबाबांची नाही, आमची आहे. वाचन चालू असताना बाकीचे निरोप बंद ठेवायचे असतात हे मी सांगायला विसरले. आणि त्याहून मोठी चूक अशी की आमची बाई ग्रंथ आणि गॅस एकाच सुरात वाचते. माणूस वाचत असता तर नुसत्या सुरावरून कळलं असतं की हे काहीतरी दुसरं आलं. मोठेबाबांचा कान घंटेवर तयार झालेला, त्यांना तेवढी खूण पुरली असती. आम्ही ती खूण दिलीच नाही. सोमवारच्या बैठकीत मी हे नाव न घेता सांगितलं. कुणी हसलं नाही. रिता म्हणाली, आपण इतके दिवस गोड आवाजाच्या मागे लागलो, या माणसाला मात्र भरवशाचा आवाज हवा आहे.

मोठेबाबांचं जुनं वाचन मी रोज ऐकते. वाक्य मोठं असलं की ते आधीच छातीत हवा भरून घेतात, ते ऐकू येतं. महत्त्वाच्या शब्दाआधी किंचित अडतात, नंतर नाही. आम्ही पोरं विहारात लहानपणी डुलक्या घ्यायचो तेव्हा हे कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या ऑफिसात सध्या सहा माणसं चिखल्याच्या विहारातला पाऊस आणि खोकला ऐकत बसलेली असतात.

तुझ्यासाठी एक सांगते. बाईच्या बरोबरीने बोलायला जाऊ नकोस. बांधीच्या पारीवरून, शेताच्या त्या अरुंद बांधावरून, पुढच्याच्या मागे चालतो ना आपण, एक पाऊल मागे, तसं कर. दोन शब्द तिला पुढे जाऊ दे, मग तू. आणि एका पानावर थांबू नकोस.

तुझं गुपित माझ्याकडे राहील. मोठेबाबांना एवढंच सांग की पोरीने ऑगस्टअखेरचा वायदा केलाय.

तुझी माया कमी पडू देऊ नकोस.
तुझीच,
प्रतिक्षा

चिखला
१४ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
अनेक आशीर्वाद, जयभीम, आणि आज शाबासकीसुद्धा.

तुझा नवा आवाज आला. तुझे बाबा स्वतः येऊन फोनमध्ये घालून गेले, बाकीचे निरोप बंद करून गेले. पहिल्या दिवशी मी कपाटाकडे पाठ करूनच बसलो होतो. मोठाईने बळेच कानात घातलं. प्रतिक्षा, काय सांगू. लांब वाक्य आलं आणि बाईने आधी श्वास घेतला. मी ताठ बसलो. श्वास घेतला म्हणजे वाक्य लांब आहे, मीही माझी छाती भरून घेतली. जणू खालून घंटा वाजली आणि मला कळलं की आता पिंजरा हलणार. स्वर जरा वर राहिला की समजतं अजून बाकी आहे, खाली बसला की संपलं. 'ती.' ला आता बाई तीर्थरूप म्हणते. तुमच्या त्या खोलीत बसून हे सगळं करणाऱ्या पोरापोरींना चिखल्याच्या म्हाताऱ्याचा जयभीम सांग. रिताला वेगळा सांग.

गॅसचं तुला मोठाईने कळवलं असणार, नव्या आवाजासोबत आलेल्या तुझ्या चार ओळींत घशाची चौकशी नव्हती त्यावरून ओळखलं. असो. परत खुर्चीवर बसायला छाती होईना. हिरालालकडे गेलो आणि म्हटलं एक दिवस दे, चुकलो तर फोन माईकपुढे ठेव. त्याने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. त्या दिवशी वाचलं. कुणी हसलं नाही. शेवटी सगळ्यांचं 'साधु, साधु, साधु' म्हणून झालं आणि मागून एका पोराने गॅस आला का म्हणून विचारलं. मग मीही हसलो. आता रोज वाचतो. जेवणही पूर्ण आहे, मोठाईला विचार.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कौतुकासाठी. परवा दुपारी मी विहारात समितीच्या कामाला गेलो होतो, फोन घरी होता. परत आलो, बाहेरच्या ओट्यावर टेकलो, टिनावर पाऊस वाजत होता. आत मोठाईने फोन मोठ्याने लावून ठेवला असावा. तू आणखी एक नवीन आवाज पाठवलेला दिसतो. पहिल्याहून वरचढ. हा आवाज पुण्याचा नाही, याच्या बोलण्यात आपल्याकडचं वळण आहे. जरा जाड, जरा थकलेला. भिक्षेला गेलेल्या माणसाचा प्रसंग होता, तिथे तो आवाज असा अडला की माझ्या अंगावर काटा आला. धुराने ठसकल्यासारखा खोकलाही मध्येच घातला आहे. एवढं करायची गरज नव्हती, पण बुद्धीचं कौतुक वाटलं. कुठेतरी ओळखीचाही वाटला, पण हल्ली मला सगळेच आवाज ओळखीचे वाटतात. मी आत गेलो तोवर बंद झाला होता. मोठाई तांदूळ निवडत होती.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. शेवटचं पान मला त्या आवाजावर वाचायचं आहे. तो कसा लावायचा ते कळव.

तुझ्या मायेचा धनी,
मोठेबाबा

पुणे
२० सप्टेंबर २०२५

ती. मोठेबाबा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमची शाबासकी सगळ्यांना पोचवली. रिताने तुमचं पत्र पहिल्यांदाच सावकाश ऐकलं, एरवीच्या वेगाने नाही.

आता त्या दुसऱ्या आवाजाबद्दल. मोठेबाबा, ऑगस्टनंतर आम्ही काहीही पाठवलेलं नाही. तो आवाज आम्ही केला नाही. आमच्यात तो करायची ऐपत नाही, आणि खोकला घालायचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

ज्याचं गुपित आहे त्याला विचारल्याशिवाय मी सांगणार नव्हते. काल फोन करून विचारलं. उत्तर आलं की सांगून दे, नाहीतर म्हातारा पुणेवालीच्याच प्रेमात पडून राहील. तेव्हा पुढच्या वेळी फोन घरी ठेवून बाहेर गेलात, तर लवकर परत या आणि ओट्यावर न थांबता थेट स्वयंपाकघरात जा. काठी वाजवू नका.

शेवटचं पान कसं लावायचं ते तिथेच कळेल.

तुमची लाडकी राहू द्या,
प्रतिक्षा

चिखला
८ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
मोठेबाबा आणि मोठाई दोघांचे आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी काठी बाहेर टेकवून आत गेलो. चुलीपाशी ती वाचत होती. वाचत होती म्हणजे पुणेवाली तिच्या कानात आणि ती दोन शब्द मागून. मी दाराला धरून पूर्ण पान ऐकलं. तुला हसू येईल की नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखू आला नाही. मलाही आधी लाज वाटली. पण प्रतिक्षा, लग्न झाल्यापासून मी तिला बोलताना ऐकलं, भांडताना ऐकलं, पोरांना हाका मारताना ऐकलं. वाचताना कधी ऐकलंच नव्हतं. तो आवाज मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो नवाच होता.

मी आहे हे तिला कळलं तेव्हा ती फोन लपवायला लागली. मी म्हटलं शेवटचं पान तू वाचायचं. ती म्हणाली म्हातारपणी वेड लागलं का, मले अक्षर येत नाही, लोक काय म्हणतीन. मी म्हटलं मला अक्षर दिसत नाही, लोक काय म्हणतात. त्यावर तिने मला तांदूळ निवडायला बसवलं. खडे तसेच राहिले असणार.

हिरालालला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं की काकूंसाठी माईक खाली घ्यावा लागेल का.

काल पौर्णिमा झाली. विहार भरला होता, खिरीचं पातेलं बाहेर उतरवलेलं, त्याचा वास आत येत होता. मंगला पांढरं लुगडं नेसून खुर्चीवर बसली. मला दिसलं नाही, हिरालालने शेजारी बसून कानात सांगितलं. ग्रंथ समोर उघडा ठेवला होता आणि तिने त्यावर तळहात ठेवला होता, हेही त्यानेच सांगितलं. काल माझ्या कानाला हिरालालच पुणेवाली झाला म्हण.

पहिलं वाक्य तिने घाईघाईत संपवलं. बायांमध्ये कुजबुज झाली. दुसऱ्या वाक्याआधी तिने श्वास घेतला. तो श्वास मी ओळखला. माझाच होता तो, माझ्याकडून तुझ्या बाईकडे गेला आणि पुण्याहून फिरून माझ्या घरात आला. पण त्यानंतरचं सगळं तिचं होतं. एका ठिकाणी ती इतकी थांबली की मला वाटलं बॅटरी गेली. बॅटरी गेली नव्हती. ती रडत होती, आणि पुणेवालीला थांबवून ठेवून, डोळे पुसून, मग पुढे गेली. थांबवायचं बटण तिने कधी शिकून घेतलं कोण जाणे. मला अजून येत नाही.

पान संपलं. प्रतिक्षा, इतकी वर्षं मी खुर्चीवर बसलो आणि लोकांनी माझ्यासमोर 'साधु' म्हटलं. मी ते ऐकायचो, म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. काल मी समोर होतो. सगळ्यांच्या आधी माझ्याच तोंडून निघालं, आणि फार मोठ्याने निघालं. हिरालालने माझा हात धरला.

घरी येताना मी काठी धरली नाही, तिचा खांदा धरला. पायरीपाशी ती म्हणाली, पुढच्या वर्षी एक दिस तुम्ही अना एक दिस मी. मी कबूल केलं आहे. तू तेवढं पुणेवालीला खोकायला शिकवू नकोस. खोकला मोठाईकडेच राहू दे.

आम्हा दोघांवरचा लोभ अर्धा अर्धा वाटू नकोस, दोघांनाही पूर्ण दे.
तुझा,
मोठेबाबा